रडू थांबल्यानंतरची दहा मिनिटं

एका आईचं पत्र आहे. मुलगी पावणेचार वर्षांची, बालवर्गात जायला लागून अडीच महिने झालेत. रोज दारात रडते. ताई सांगतात, "दहा मिनिटांत शांत होते." पण ती दहा मिनिटं ती आईचा रुमाल मुठीत धरून चपलांच्या रॅकपाशी उभी असते आणि मग हळूच मातीत खेळणाऱ्या मुलांजवळ जाऊन बसते, हेही ताईंनीच सांगितलंय. गेल्या आठवड्यात तिने रचलेला ठोकळ्यांचा मनोरा एका मुलाने पाडला. ही रडली, ताईंना चिकटून बसली आणि बऱ्याच वेळाने परत जाऊन त्याच ठोकळ्यांची आडवी, लांबलचक ओळ लावत बसली. "साधं भांडलीसुद्धा नाही," असं आई लिहिते. घरी आल्यावर मात्र मोज्याची शिवण टोचते म्हणून अर्धा तास आकांत. त्याच वर्गातला नणंदेचा मुलगा पहिल्या दिवसापासून मागे वळूनही न बघता आत जातो. बाबांचं म्हणणं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, होईल सवय. एका सकाळी उशीर झाला म्हणून आई तिच्यावर खेकसली, तिला जवळजवळ ढकलूनच आत सोडलं, आणि तो दिवस आईच्या डोक्यातून जात नाही. आता प्रश्न: मुलगी मुळातच हळवी आहे का? तिला कणखर कसं करायचं? वर्षभर शाळा थांबवावी, नजर चुकवून निघून यावं, की लहान मुलांच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला घालावं? आणि तो रुमाल बंद करावा का? ताईंनी तसं सुचवलंय.

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या काळजीसकट. दुसऱ्यांदा मात्र ‘रडली’ हा शब्द आला की तिथे रेंगाळायचं नाही, त्याच्या पुढे काय लिहिलंय तेवढंच बघायचं, असं ठरवून वाचलं. तुम्हीही करून बघा. गंमत म्हणजे हे सगळं तुम्हीच लिहिलंय, पण त्याच्याकडे तक्रार म्हणून बघितलंय.

मनोऱ्याचंच घ्या. इतका वेळ खपून रचलेलं एका धक्क्यात गेलं. तिला वाईट वाटलं आणि तिने ते लपवलं नाही. मग त्या गजबजलेल्या खोलीत आपल्याला धीर देईल असं माणूस कोण, हे तिने शोधलं आणि ती तिथे गेली. अडीच महिन्यांपूर्वी त्या ताई तिला पूर्ण परक्या होत्या, हे विसरू नका. त्यांना टेकून बसली, हुंदके थांबले. आणि मग, कोणीही सांगितलेलं नसताना, जिथे दुखलं होतं त्याच जागी परत गेली. तिथे जाऊन तिने काय बांधलं? आडवी ओळ. जी धक्का लागून कोसळूच शकत नाही! मला हे वाचून हसू आलं आणि नंतर तिचं फार कौतुक वाटलं. साहित्य तेच ठेवून बेत बदलायचा, ही तोड मोठ्यांनाही वेळेवर सुचत नाही. तुम्हाला ती भांडायला हवी होती. भांडणंही चुकीचं नाही, काही मुलं त्या वाटेने जातात. पण भांडणारं मूल खंबीर आणि ओळ लावणारं हळवं, हा हिशेब मला पटत नाही.

तुम्ही ‘कणखर’ हा शब्द पत्रात पाच वेळा वापरलाय. मोजले मी. कणखर म्हटलं की डोळ्यांपुढे दगड, लाकूड असलं काहीतरी येतं, ज्याच्यावर आघात झाला तरी ओरखडा उमटत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मला ‘सावरणं’ हा शब्द जवळचा वाटतो. एक तर त्यात आधी तोल जातो हे गृहीतच धरलेलं आहे. तोल गेलाच नाही तर सावरायचं काय? आणि दुसरं म्हणजे आपण स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो, दोन्हीला क्रियापद एकच. मुलं नेमकी याच क्रमाने शिकतात, फक्त उलट्या बाजूने. आधी कोणीतरी त्यांना शेकडो वेळा सावरतं आणि त्यातूनच हळूहळू त्यांना स्वतःला सावरता यायला लागतं. पावणेचार वर्षांत हे शिक्षण पूर्ण झालेलं नसतं. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पार विशीपर्यंत घडत असतो. तेव्हा आत्ता ती ताईंच्या आधाराने सावरते यात कमीपणा काही नाही, या वयात ते असंच होतं.

आता नणंदेच्या मुलाबद्दल. तो मागे न बघता आत जातो, छान आहे. कदाचित त्याचा स्वभावच तसा असेल. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दाम्पत्याने मुलांच्या उपजत स्वभावांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात साधारण १५ टक्के मुलं त्यांना ‘सावकाश रुळणारी’ आढळली. नवी जागा, नवी माणसं दिसली की ही मुलं आधी मागे सरतात, काठावरून बघतात आणि घाई केली नाही तर आपणहून आत येतात. चपलांच्या रॅकपाशी उभी असलेली तुमची लेक मला यांच्यातली वाटते. ती तिथे दहा मिनिटं नुसती रडत नसणार, वर्ग न्याहाळत असणार: आज कोण आलंय, कोण कुठे बसलंय, आपल्याला शिरायला फट कुठे आहे.

आणि न रडणं म्हणजे सगळं आलबेल, असंही नेहमी नसतं. मेरी एन्सवर्थ यांनी १९६० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांचा एक प्रयोग केला. आई काही मिनिटं खोलीबाहेर जायची आणि परत यायची. त्यांचं लक्ष बाळ किती रडतं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं याकडे होतं. आईशी घट्ट, निर्धास्त नातं असलेली कितीतरी बाळं रडली. पण आई आल्यावर तिच्याकडे झेपावली, शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. काही बाळांनी आई गेल्याचं आणि आल्याचं फारसं दाखवलंच नाही. पुढे इतर संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर वरून शांत दिसणारी ती बाळं आतून चांगलीच धास्तावलेली निघाली. यावरून भाच्याबद्दल शंका घेत बसू नका. त्याला मी पाहिलेलं नाही आणि ते आपलं कामही नाही. एवढंच म्हणणं आहे की दारातल्या दोन मिनिटांवरून दोन मुलांची तुलना करू नका. तुमची मुलगी दुपारी तुम्हाला बघून काय करते? पळत येते, बिलगते आणि दोन मिनिटांत दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागते? मग माझी अर्धी काळजी मिटली.

मोज्याचं तर मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. दिवसभर तिने रांगेत थांबून बघितलं, हवी ती बादली दुसऱ्याला मिळाली ते सोसलं, मोठा आवाज सहन केला, शू लागल्याचं परक्या माणसाला सांगितलं. हे सगळं धरून धरून ती घरी आली आणि जिथे सांडलं तरी कोणी रागावणार नाही अशा जागी तिने सांडलं. मोजा निमित्ताला. तेव्हा शिवणीवर वाद घालू नका. मोजा काढा, खायला द्या, शेजारी बसा. शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास प्रश्न नकोत, सूचना नकोत, आणि जमलं तर पाहुणेही नकोत.

बाबांच्या टाकीच्या घावांवर मला थोडं बोलायचंय, कारण असं म्हणणारे ते एकटे नाहीत आणि त्यांची काळजी खोटीही नाही. मुलांना अडचणींची चव कळली पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण मूर्तिकारसुद्धा घाव कुठे आणि किती जोराचा घालायचा, हे ठरवूनच टाकी लावतो. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची व्यसनं किंवा मानसिक आजार अशा एकावर एक अडचणींत वाढली. त्या सर्वाधिक अडचणीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे नीट, आत्मविश्वासाने जगणारी माणसं झाली. त्यांना घाव जास्त बसले म्हणून ती टिकली असं काही दिसलं नाही. त्यांच्यापाशी होतं ते मायेचं, भरवशाचं निदान एक माणूस. ते नेहमी आईवडीलच होते असंही नाही. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाची मोठी भावंडं. बाबांना एवढं सांगा की घाव घालायला जग आहेच, त्याची टंचाई पडणार नाही. आपल्याला ते एक माणूस व्हायचंय, आणि इथे तर तिच्याकडे अशी दोन-तीन माणसं आहेत.

मी स्वतः बालवर्गात बरीच वर्षं काढली. तिथला एक मुलगा आठवतो. चित्रावर पेल्यातलं पाणी सांडलं. निळा रंग पसरत पसरत घरावर, झाडावर, सगळीकडे गेला. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. मी फडकं घेऊन धावणार, तेवढ्यात माझ्या सहकारी बाईंनी माझा हात धरला. त्याने बोट पाण्यात बुडवलं, थोडा वेळ नुसतं फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाला, "पाऊस आला." मग सगळ्या कागदावर पाऊस पाडला. मी दोन सेकंद आधी पोचले असते तर चित्र वाचलं असतं आणि तो पाऊस मात्र आला नसता. लहान मुलांचं सावरणं असंच असतं, फार बारीक. फुटलेला खडू दोन खडू म्हणून वापरणं. ‘तू नको आमच्यात’ ऐकल्यावर जवळच बसून तोच खेळ एकटीने खेळणं आणि पाच मिनिटांनी एक डबी पुढे करून पुन्हा आत शिरणं. उलटा गेलेला बूट काढून सुलटा घालणं. मोठ्यांना हे दिसत नाही, कारण रडणं ऐकू येतं आणि सावरण्याचा आवाज होत नाही.

आता तुमचे पर्याय बघू.

नजर चुकवून निघून येणं: करू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण हा सल्ला मी स्वतः एका आईला दिला होता. नोकरीची पहिलीच वर्षं होती. "खेळात रमली की हळूच निघा," म्हटलं. पहिल्या दिवशी झकास जमलं. नंतरचा आठवडाभर ती मुलगी खेळातच शिरेना. दाराकडे तोंड करून बसायची, शूलासुद्धा उठायची नाही. आपण खेळात रमलो की आई नाहीशी होते, हे ती शिकली होती. ते पुसायला आम्हाला महिना लागला, चूक माझी होती.

त्यापेक्षा निरोप उघड, छोटा आणि रोज एकसारखा ठेवा. एक मिठी, तळहातावर एक पापी, एक ठरलेलं वाक्य, बस. "रडू नकोस" म्हणू नका, ते तिच्या हातात नाही. "मी जाऊ नये असं तुला वाटतंय. मी जाणार आहे. तुमची गोष्ट संपली की मी दारात असेन." घड्याळातली वेळ तिला कळत नाही, गोष्ट संपणं, खेळ आवरणं कळतं. आणि जे सांगाल ते पाळाच, गोष्ट संपताना खरंच दारात असा. एकदा निरोप घेतला की परत वळू नका, खिडकीतून डोकावू नका. तुमचा पाय निघत नाही हे तिला तुमच्या चेहऱ्यावर वाचता येतं, आणि आईच घाबरलीय म्हणजे इथे काहीतरी घाबरण्यासारखं असणार, असा सरळ अर्थ ती लावते. आठवडाभर बाबांनी सोडून बघायलाही हरकत नाही. कधीकधी दुसऱ्याबरोबर निरोप सोपा जातो. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका.

वर्षभर थांबवणं हा गुन्हा नाही. काही मुलांना, काही घरांना ते सोयीचं पडतं. पण तुमच्या लेकीबाबत मला त्याची गरज दिसत नाही. ती दहा मिनिटांत सावरते, खेळते, तिने तिथे स्वतःचं एक माणूस मिळवलंय. ते सगळं मोडून पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं? एक अट मात्र घालते. ‘मुलं घेतात जुळवून’ या वाक्याआड शाळा स्वतःची जबाबदारी लपवत असेल, एकेका ताईच्या गळ्यात वीस-पंचवीस मुलं असतील, रडणाऱ्याला हसलं जात असेल, बाहेर बसवलं जात असेल, तर तिथे मुलाचं मन घट्ट करायला जाऊ नका, शाळा बदला.

व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग राहू द्या. पावणेचार वर्षांच्या मुलीला तेवढाच वेळ मातीत मिळाला तर बरा.

घरी दोन गोष्टी करता येतील. दुपारी "आज रडलीस का?" हा प्रश्न बंद करा. त्याने दिवसातली सगळ्यात मोठी बातमी रडणं हीच, असं तिला वाटायला लागतं. त्याऐवजी रात्री निवांत वेळी तिला तिचीच गोष्ट सांगा. "मनोरा पडला. तुला रडू आलं. तू ताईंजवळ बसलीस. मग जाऊन तू ओळ लावलीस." ‘शूर’, ‘शहाणी’ असलं काही जोडायची गरज नाही. पुढच्या वेळी काही मोडलं की या गोष्टीतलं ‘मग’ तिला आठवेल. ताईंनाही "किती वेळ रडली?" विचारण्यापेक्षा "शांत व्हायला तिला काय उपयोगी पडलं?" असं विचारा. त्यांचं लक्षही तिकडे वळेल. दुसरं, जाकिटाची चेन अडकली, बटण लागेना, की तुमचे हात पाठीमागे बांधून उभ्या राहा. मनात दहापर्यंत मोजा. तरी जमलं नाही तर चेनचं खालचं टोक तुम्ही धरा, वर तिला ओढू दे. पूर्ण लावून देऊ नका, पूर्ण सोडूनही देऊ नका. मला सकाळच्या घाईची कल्पना आहे. सुट्टीच्या दिवशी करा.

त्या सकाळबद्दल. तुम्ही खेकसलात, ढकललंत, आणि तेव्हापासून स्वतःला कोसताय. बाळं आणि आया यांच्या बारीक निरीक्षणांतून एडवर्ड ट्रॉनिक यांना असं दिसलं की चांगलं नातं असलेल्या जोड्याही जेमतेम एक तृतीयांश वेळ एकमेकांच्या सुरात असतात. बाकी सगळा वेळ सूर चुकणं आणि पुन्हा जुळवणं. तेव्हा चुकण्याचं इतकं नाही, पुन्हा जुळवलंत का एवढंच बघायचं. अजून उशीर झालेला नाही. "त्या दिवशी मी तुला ओरडले, ढकललं. तुला भीती वाटली असेल. माझं चुकलं." पुढे ‘पण तूसुद्धा’ लावू नका. मोठं माणूसही चुकतं आणि दुरुस्त करतं, हे तिला तुमच्याकडूनच बघायला मिळू दे.

काळजी कधी करायची, तेही सांगते, म्हणजे रोज करावी लागणार नाही. दिवसभर रडू थांबत नाही, वर्गात खाणं-खेळणं बंद, कोणाजवळच जात नाही, आधी येणारं बोलणं किंवा शू सांगणं मागे पडलंय, झोप उडालीय, एखाद्या ठरावीक माणसाचं किंवा खोलीचं नाव काढलं की थरकाप होतो, अंगावर खुणा दिसतात, किंवा एरवी बोलकी मुलगी अचानक गप्प आणि आज्ञाधारक झालीय. यातलं शेवटचं लोकांना ‘रुळली’ असं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. ती भीती आणि त्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी हालचाल करा. बाकीचं दोन-तीन आठवडे टिकलं तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना भेटा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

राहिला रुमाल. ताईंना सांगा की तो तिच्यापाशी राहू दे. हरवण्याची भीती असेल तर तसलाच आणखी एक घरी ठेवा. तिची तिला गरज सरली की तो खिशात जाईल, मग दप्तरात. एखाद्या संध्याकाळी दप्तर उघडाल तेव्हा सकाळची घडी तशीच सापडेल. तेव्हा टाळ्या वाजवू नका, बाबांना हाक मारू नका. रुमाल धुऊन, वाळवून पुन्हा तिथेच ठेवून द्या.